तंगधारवाल्यांचा फोन

आपल्याला कुणाचाही हेवा वाटत नाही, असं माया जोगदंडचं स्वतःबद्दल मत होतं. जावेनं अंबाजोगाईला बंगला बांधला तेव्हा वास्तूच्या जेवणात हिनंच पदर खोचून पंगती वाढल्या. बहिणीच्या गळ्यात नवं गंठण आलं तेव्हा हिनं ते हातात घेऊन मनापासून कौतुक केलं. हेवा म्हणजे रिकाम्या बायकांचा उद्योग, असं ती म्हणायची. आणि मग पोरगी लग्न होऊन सासरी गेल्यावर, चष्म्याचा नंबर वाढल्यावर, तिला एका मुलीचा असा हेवा वाटायला लागला की घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. मुलगी दिसायला साधी, पगारानं कमी, हुद्द्यानं मायाच्या हाताखालची. पण मायाचा नवरा तिच्याशी बोलायचा.

आता लगेच भलतंसलतं मनात आणू नका. नवनाथ जोगदंडनं त्या मुलीला कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तिचं नावही त्याला माहीत नव्हतं. तो तिला ताई म्हणायचा. माया मनाशी म्हणायची, त्यापेक्षा भलतंसलतं असतं तर बरं झालं असतं, निदान केस धरून भांडता आलं असतं.

परळीत स्टेशनच्या बाजूला एका माडीवर त्यांचं ऑफिस होतं. पाटीवर एका ट्रस्टचं नाव आणि खाली ‘माजी सैनिक पेन्शन मार्गदर्शन’. पुढच्या खोलीत पेन्शनचे कागद व्हायचे, हे खरंच होतं. पण मागच्या खोलीत फोन होते. फौजेतून घरी आलेली आणि जगणं नकोसं झालेली माणसं त्या नंबरावर फोन करायची. आधी हे फोन पुण्याला जायचे. तिथं गर्दी फार झाली तेव्हा ट्रस्टच्या कर्नलसाहेबांनी मराठवाड्याचे फोन गुपचूप परळीला वळवले आणि मायाला तिथली सुपरवायझर केलं. गुपचूप अशासाठी की बीड जिल्ह्यात कुठलीही दोन माणसं भेटली की चहा येईपर्यंत त्यांचं नातं निघतं. आपलं दुखणं परळीतच कुणीतरी ऐकतंय असं कळलं असतं, तर कुणी तोंड उघडलं नसतं. म्हणून सगळ्यांनी पुण्याच्या वळणानं बोलायचं आणि घरीसुद्धा ‘पेन्शनचं काम करतो’ एवढंच सांगायचं, असा नियम होता. मायानंही घरी तेच सांगितलं होतं.

फोन करणाऱ्याला नाव विचारायचं नाही. तोच एखादं टोपणनाव घ्यायचा, आणि बहुतेक जण आपल्या जुन्या ठाण्याचं नाव घ्यायचे. कुणी उरीवाले, कुणी तवांगवाले. फोनवरची माणसं नीट बोलतात का, हे बघायला सुपरवायझरनं मधूनमधून कुठल्याही लाइनवर ऐकायचं. याला ऑफिसात ‘कान लावणं’ म्हणायचे. आवाज ओळखीचा निघाला तर मात्र ताबडतोब कान काढायचा आणि कर्नलसाहेबांना कळवायचं. हा नियम नव्या माणसांना माया स्वतः शिकवायची, तोही चांगले डोळे वटारून.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी तिनं वैष्णवीच्या लाइनवर कान लावला. वैष्णवी गेवराईची, समाजकार्याचं शिकून नुकतीच लागलेली. मायानंच तिला तयार केलं होतं. पलीकडून कुणीतरी खेचराची गोष्ट सांगत होतं. रॉकेलचे डबे वर चढवणारं खेचर, त्याचं नाव पोरांनी ‘मॅडम’ ठेवलेलं, कारण सलाम ठोकल्याशिवाय ते पाऊल उचलायचं नाही.

“मंग काय ताई,” तो माणूस म्हणाला, “आमी रोज सकाळी खेचराला सलाम मारायचो. साहेबाला नंतर.”

आणि तो हसला. मायाच्या हातातलं पेन खाली पडलं. तो आवाज तिनं लगेच ओळखला होता, पण हसणं ओळखायला तिला एक क्षण लागला. नवनाथ फौजेतून घरी आल्यापासून ते हसणं तिनं ऐकलंच नव्हतं.

नियमाप्रमाणे तिचा हात हेडफोनकडं गेला. आणि तिनं तो कानावर आणखी घट्ट दाबला.

घरी नवनाथ म्हणजे भिंत. जेवला का, हो. पाणी आलं का, हो. काही होतंय का, न्हाई. एका बँकेत बंदूक घेऊन दारावर उभं राहायची नोकरी होती, तीही त्यानं एक दिवस काही न सांगता सोडली. बंदूक त्याच्या स्वतःच्या लायसन्सची, ती घरच्या कपाटात आली आणि तो समोरच्या खुर्चीत बसला. माया त्याच्या आवडीचं करायची, भांडून बघायची, रडून बघायची. तो ‘हां’ म्हणायचा. अशा माणसाच्या तोंडून एका परक्या पोरीसाठी खेचराची गोष्ट बाहेर पडत होती, आणि बायको टेबलाच्या पलीकडं बसून ती चोरून ऐकत होती.

त्यानंतर नवनाथ, म्हणजे ऑफिसातले ‘तंगधारवाले भाऊ’, लाइनवर आले की मायाचा कान तिथंच. कर्नलसाहेबांना तिनं काही कळवलं नाही. वैष्णवीलाही नाही. ऐकता ऐकता तिला कळलं की काश्मीरमधल्या तंगधारला एका सौरभ नावाच्या पोराबरोबर नवनाथची जोडी होती. एका उतारावर खेचर घसरलं, त्याच्याबरोबर सौरभ खाली गेला, आणि दोराचं दुसरं टोक नवनाथच्या हातात होतं.

“मी सोडला का सुटला, ते मलाच म्हाईत न्हाई ताई,” तो म्हणाला. “रोज धरून बघतो. रोज सुटतो.”

“हे घरी कुणाला सांगितलंत का, भाऊ?” वैष्णवीनं विचारलं.

“न्हाई. घरची लई चांगली हाय. म्हणून तर न्हाई सांगत. तिच्या नजरेत मी अजून धड हाय. तेवढी एकच जागा उरली बघा.”

दुसरी एखादी बाई हे ऐकून धन्य झाली असती. मायाच्या मनात त्यातलं काहीच शिरलं नाही. तिला एवढंच कळलं की सगळं आयुष्य मी काढलं आणि सांगितलं मात्र तुला. ती वैष्णवीकडं बघत बसली. मुलगी फोनवर बोलताना ओढणीच्या टोकाला पीळ घालायची, आणि तो पीळ आपल्याच आतड्याला पडतोय असं मायाला वाटायचं.

तरीसुद्धा एक गोष्ट मायाची स्वतःची होती. काही दिवसांपूर्वी नवनाथनं आपण होऊन कपाटाची किल्ली तिच्या हातात ठेवली होती. “तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. माझ्याकडून हरवल,” एवढंच म्हणाला. मायाला केवढा आनंद झाला. इतक्या वर्षांत या माणसानं आपल्याला काही सोपवलं, म्हणून तिनं ती किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात जपली आणि समोरच्या दगडाबाईला दोनदा दाखवलीसुद्धा. वैष्णवीचं बोलणं ऐकून जीव जळायला लागला की ती पर्समध्ये हात घालून किल्ली चाचपायची आणि तिला जरा बरं वाटायचं.

मग एका दुपारी हेडफोनमध्ये वैष्णवी म्हणाली, “भाऊ, किल्ली वहिनींकडेच आहे ना अजून?”

“हाय की. तुमी म्हणलात म्हणून दिली. न्हाईतर मी कावून देतोय.”

मायाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे किल्लीसुद्धा तिचीच. आपल्या पर्समध्ये आपण दुसरीचा शब्द सांभाळत बसलो होतो.

खरं तर वैष्णवीनं काय केलं होतं? धोक्याची वस्तू कुलपात आणि किल्ली घरच्या माणसाकडं, हे मायानंच फळ्यावर लिहून तिला शिकवलं होतं. मायाचाच धडा वैष्णवीच्या तोंडून नवनाथपर्यंत गेला आणि घराला राखत होता. दुसऱ्या कुठल्याही घरात असं झालं असतं तर मायानं या मुलीची पाठ थोपटली असती आणि कर्नलसाहेबांपुढं स्वतःची मान ताठ केली असती. पण पोटात आग पडली की माणसाला आपलंच शहाणपण आठवत नाही.

त्या संध्याकाळी नवनाथ जेवायला बसला आणि तिनं ताटाशेजारी किल्ली आपटली.

“ही घ्या तुमची.”

“ऱ्हाऊ दे की तुझ्याकडं.”

“मी कशाला सांभाळू? जिच्यावर भरोसा हाय तिच्याकडं द्या.”

नवनाथनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. कुणावर, असं त्यानं विचारलं असतं तर सगळं तिथंच बाहेर पडलं असतं. त्यानं विचारलं नाही. किल्ली उचलून खिशात टाकली, “बरं,” म्हणाला आणि भाकरी मोडली.

आपण काय केलं, हे मायाला त्याच वेळी कळत होतं. शंभर जणांना शिकवलेली गोष्ट होती ती. पण परत मागायची म्हणजे कमीपणा घ्यायचा, आणि तोही त्या पोरीसाठी. उद्या काहीतरी निमित्त काढून मागून घेऊ, असं तिनं मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी तिनं किल्लीचं निमित्त काढायच्या ऐवजी वैष्णवीचं काढलं. सिरसाळ्याला माजी सैनिकांच्या बायकांचं शिबिर सुरू होतं, तिथं माणूस हवा होता. हा कार्यक्रम खरं तर बजरंगचा. बजरंग निवृत्त नायक, गावोगावी फिरायला त्याला आवडायचं. मायानं त्याला फोनवर बसवलं आणि वैष्णवीला सांगितलं, “आठवडाभर सिरसाळा तूच बघ.”

“चालेल मॅडम,” वैष्णवी म्हणाली. मग दारातून परत आली. “तंगधारवाले भाऊ आज फोन करतील. त्यांना सांगून जाऊ का? ते नव्या माणसाशी बोलत नाहीत.”

“मी काय शिकवलंय? माणसानं लाइनवर विसंबावं, लाइनवरच्या बाईवर नाही.”

नियम अगदी बरोबर होता, आणि तो सांगताना मायाला इतकं गोड लागलं की तिची तिलाच थोडी लाज वाटली. वैष्णवी बिचारी एसटी पकडायला निघून गेली.

दुपारी फोन वाजला. बजरंगनं उचलला, मायानं कान लावला.

“जय हिंद. ताई न्हाईत का?”

“ताई बाहेरगावी गेल्यात. माझ्याशी बोला भाऊ, मीही फौजेतलाच आहे.”

“तुमच्याशी काय बोलायचं,” नवनाथ म्हणाला. त्यात राग नव्हता. मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. तो पंखा मायाच्या घरातला, एका पात्याला खडखड करणारा. “एक निरोप द्या त्यांना. म्हणावं, किल्ली माझ्याकडं परत आली. त्यांनी लई केलं. त्यांचा काय दोष न्हाई.”

“कसली किल्ली, भाऊ?” बजरंगनं विचारलं, आणि काही कळत नाही अशी खूण मायाला केली.

त्या खोलीत ते कळणारं एकच माणूस होतं. लाइनवरचा माणूस कुठं बसलाय, हे त्यांना कधी माहीत नसायचं, तीच तर त्यांच्या धंद्यातली मोठी अडचण. आज पहिल्यांदा तिला सगळं माहीत होतं. कुठली गल्ली, कुठलं घर, कपाटाचं तोंड कुठल्या भिंतीकडं. एक बटण दाबून “अहो, मी हाय” म्हणणं एवढंच तिच्या हातात होतं, आणि बोट बटणावर गेलंही. पण मग त्याला कळलं असतं की बायकोनं सगळं ऐकलंय, दोर ऐकलाय, सौरभ ऐकलाय. तेवढी एकच जागा उरली, असं तो म्हणाला होता. ती जागा आत्ता, त्याच्या खिशात ती किल्ली असताना, आपणच मोडायची?

तिनं बजरंगला खुणेनं सांगितलं, फोन सोडू नको, तुझ्या पलटणीचं काहीतरी सांगत राहा. आणि स्वतःच्या मोबाइलवरून वैष्णवीला फोन लावला.

“वैष्णवी, तंगधारवाले लाइनवर आहेत. कपाटाची किल्ली त्यांच्याकडं परत गेलीय.”

“पण कशी मॅडम? वहिनी तर...”

“मी दिली. ते माझे मिस्टर आहेत.” हे बोलताना बजरंग समोर होता, आणि त्याचं बोलणं मध्येच अडखळलं. “मी रोज कान लावत होते. तुला मुद्दाम सिरसाळ्याला धाडलं. माझा जळफळाट होत होता.”

पलीकडं बायकांच्या शिबिराचा गलका होता. मग एक दार लागल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

“मला जोडा मॅडम,” वैष्णवी म्हणाली. “आणि तुम्ही घरी जा.”

मायानं लाइन जोडली. “जय हिंद भाऊ, मी आलेय,” असा वैष्णवीचा आवाज आला, आणि नवनाथ म्हणाला, “आलात व्हय ताई.” एवढेच शब्द. मायाला सुटल्यासारखंही वाटलं आणि काळजात सुरी फिरल्यासारखंही. कामावरून घरी आल्यावर आपल्याला असं कुणी म्हणालं नव्हतं. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि जिना उतरली.

थर्मल वीजकेंद्राच्या रस्त्याला राखेच्या गाड्यांची रांग लागलेली. ऑटोवाला आरामात तंबाखू मळत होता. मायानं त्याला दोनदा दामटलं आणि तिसऱ्यांदा नुसते हात जोडले, तेव्हा त्यानं रस्त्याच्या कडेनं ऑटो घातला. आता काय चाललं असेल, तो बोलत असेल का, कपाट उघडलं असेल का. आणि त्या सगळ्या भीतीच्या खाली, लाज वाटावी असं, आणखी एक चाललंच होतं. आज तो त्या पोरीला असं काय सांगत असेल, जे आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाही?

घराच्या ओट्यावर चपलांशेजारी काडतुसांचा पट्टा ठेवलेला होता. माया तिथंच थबकली. फोनवर बोलता बोलता वैष्णवीनं त्याच्याकडून तो दाराबाहेर ठेवून घेतला होता. हेही मायानंच शिकवलेलं. तिनं पट्टा उचलला आणि दार हळूच लोटलं.

कपाट उघडं होतं, बंदूक आत उभी होती. नवनाथ खाटेला टेकून जमिनीवर बसला होता, फोन कानाला, पाठ दाराकडं. त्याचे खांदे हलत होते. “धरला व्हता ताई,” तो म्हणत होता, “माझ्या तळव्याची सालं निघालती. सोडला न्हवता मी.” हे मायानं कधी ऐकलं नव्हतं. कदाचित त्यालाही ते आजच आठवलं असेल.

मायाला वाटलं, धावत जावं आणि त्याचं डोकं पोटाशी धरावं. तिचा तो हक्क होता. तिनं एक पाऊल टाकलं आणि नवनाथनं मागं वळून बघितलं.

त्यानं आधी तोंड पुसलं. मग पाठ सरळ केली, शर्ट खाली ओढला. “ठिवतो ताई, घरची आली,” असं फोनमध्ये म्हणाला आणि नेहमीच्या आवाजात तिला विचारलं, “आज लवकर आलीस?”

तिच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा धड झाला होता. रोज संध्याकाळी ती घरी यायच्या आधी तो हेच करत असणार, आणि आपण त्याला भिंत म्हणत होतो.

“फोन ठिवू नका,” माया म्हणाली.

“आँ?”

“बोलायलाव ना? बोला तुमी. मी भाईर बसते.”

नवनाथनं तिच्या हातातल्या पट्ट्याकडं बघितलं. तुला कसं कळलं, असं त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. ती कपाटापर्यंत गेली, खाटेवरची गोधडी ओढून तिच्यात बंदूक गुंडाळली आणि काखेत घेतली. त्यानं अडवलं नाही. फोन अजून त्याच्या हातात होता, आणि त्यातून बारीक आवाजात “भाऊ? भाऊ?” असं ऐकू येत होतं.

“ताई बोलवायल्या,” माया म्हणाली. बाहेर येऊन तिनं आपल्या हातानं दार ओढून घेतलं, पट्टाही गोधडीत खोचला आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली.

ऊन कलायला आलं होतं. समोरून दगडाबाई पिशवी घेऊन निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

“जय भीम, माया. कावून बसलीस गं उन्हाची भाईर? नवनाथ घरात न्हाई का?”

“हायेत की. फोनवर बोलायलेत.”

दगडाबाईंनी कान टवकारले. आतून आवाज येत होता, थांबून थांबून, पण येत होता. इतका वेळ बोलणारा नवनाथ या गल्लीनं कधी ऐकला नव्हता.

“येवढं कुणाशी?”

“हाय एक पोरगी.”

“आन तू भाईर?” दगडाबाई दोन पावलं जवळ आल्या. उद्या सकाळपर्यंत ही गोष्ट नळावर कशी पोचणार आणि तिला काय काय फाटे फुटणार, हे मायाला आत्ताच दिसत होतं. “आन तुला चालतंय व्हय हे?”

“न्हाई चालत,” माया म्हणाली, आणि दाराला पाठ लावून बसून राहिली.